तो वेडा आहे का, हे त्यालाच विचारू नका

प्रश्न : मी बँकेत नोकरी करते आणि फावल्या वेळात लिहिते. यंदा दिवाळी अंकासाठी एक भयकथा लिहिली आहे. काळ १९७२च्या आसपासचा, जागा सदाशिव पेठेतला एक जुना वाडा. टपाल खात्यातून निवृत्त झालेले अविवाहित अण्णा आपल्या म्हाताऱ्या आत्याबरोबर तिथे राहतात. आत्या वारते आणि त्यानंतर अण्णांना माजघराच्या फरशीखालून तिचा श्वास ऐकू येऊ लागतो. सारी हकीकत अण्णाच सांगतात. आम्ही काही लिहिणारी मंडळी महिन्यातून एकदा जमतो. तिथे कथा वाचली तेव्हा निम्म्या जणांनी विचारले, की वाड्यात भूत आहे की अण्णा वेडे आहेत, ते एकदाचे सांगून टाका. म्हणून मी शेवटी डॉक्टरांचा अहवाल जोडला. आता एक जण म्हणतो, की वेडा माणूस इतके नीटनेटके सांगेलच कसे? माझ्या आईचे म्हणणे आणखी निराळे आहे. माझ्या मामाला बरीच वर्षे मानसिक आजार होता. त्याला जवळून पाहिल्यावर तुला हे लिहवतेच कसे, असे ती विचारते. मी काय करावे?
— एक वाचक, पुणे ३०

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

पत्राबरोबर पाठवलेली कथा मी दोनदा वाचली. एकदा रात्री आणि एकदा सकाळी. रात्री कोणतीही भयकथा चालून जाते, तिचा कस सकाळच्या उजेडात लागतो. तुमची कथा सकाळीही टिकली, फक्त शेवटचे पान टिकले नाही. तेव्हा डॉक्टरांच्या अहवालाचे ते पान काढून टाका, हे आधीच सांगतो.

तो जोडण्यामागची तुमची अडचण मला समजते. बारा पाने वाचकाला एकाच माणसाच्या डोक्यात कोंडून ठेवल्यावर बाहेर पडण्यासाठी एखादी दिंडी उघडी ठेवावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या पानाने होते असे, की तोवर जो वाचक स्वतः तर्क लढवीत होता, तो अण्णांच्या साऱ्या बोलण्यावर निदानाचा एक शिक्का मारून मोकळा होतो आणि पुस्तक मिटवून जेवायला बसतो. फ्रेंच कथाकार मोपासाँ याच पेचातून गेला होता. त्याची 'ल ओर्ला' ही कथा १८८६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली, तेव्हा तिला डॉक्टरांची चौकट होती : एक मनोविकारतज्ज्ञ आपल्या सहकाऱ्यांना बोलावतो आणि त्यांच्यासमोर रुग्ण स्वतःची हकीकत सांगतो. पुढच्याच वर्षी त्याने ती कथा नव्याने लिहिली, डॉक्टर आणि त्यांची बैठक काढून टाकली आणि नुसती रोजनिशी ठेवली. लोकांच्या लक्षात राहिली ती ही दुसरी कथा. गंमत अशी, की पहिल्या कथेतला डॉक्टरसुद्धा शेवटी कबूल करतो, की हा मनुष्य वेडा आहे की आम्ही दोघेही वेडे आहोत, हे मला सांगता येत नाही. डॉक्टर ठेवायचाच असेल, तर त्याचीही अशी पंचाईत व्हायला हवी. तुमचे डॉक्टर मात्र फारच खात्रीने बोलतात.

आता भूत की वेड, या प्रश्नाकडे येतो. वेन बूथ या अमेरिकी समीक्षकाने १९६१ मध्ये अशा निवेदकाला जे नाव दिले, त्याचे मराठीत बहुधा 'अविश्वसनीय निवेदक' असे भाषांतर केले जाते. ते मला पटत नाही. अविश्वसनीय म्हटले की आपल्याला चमत्कार आठवतो, आणि अण्णांचे बोलणे तर पदोपदी विश्वास ठेवावा असेच वाटते. मी त्यांना बेभरवशाचे म्हणेन. घरातला एखादा काका बेभरवशाचा असतो, म्हणजे तो खोटेच बोलतो असे नव्हे. पण त्याच्या शब्दावर कोणी स्टेशनवर गाडी पकडायला निघत नाही. वाचकाने अण्णांचे ऐकावे, त्यांच्यावर माया करावी, आणि तरीही गाडीची वेळ दुसऱ्या कोणाला तरी विचारावी. हा दुसरा कोणीतरी कथेत कुठे आहे, एवढेच तुम्हाला ठरवायचे आहे, आणि तो डॉक्टर असता कामा नये.

तुमचे मित्र म्हणतात, की वेडा माणूस इतके नीटनेटके सांगणार नाही. त्यांनी एडगर ॲलन पो याची जानेवारी १८४३ मध्ये छापून आलेली 'द टेल-टेल हार्ट' ही कथा पुन्हा वाचावी. तिच्यातला निवेदक सात रात्री, बरोबर मध्यरात्री, म्हाताऱ्याच्या खोलीचे दार इंच इंच उघडतो, कंदिलाची एकच तिरीप त्याच्या डोळ्यावर सोडतो, आठव्या रात्री त्याला मारतो आणि प्रेत फळ्यांखाली दडवतो. हे सगळे तो अभिमानाने सांगतो आणि वेडा इतकी काळजी घेईल का, असे आपल्यालाच विचारतो. वेडाचा एकही पुरावा तो देत नाही. तो शहाणपणाचे पुरावे देत सुटतो आणि प्रत्येक पुराव्यागणिक आपण थोडे थोडे मागे सरकतो. योगायोग असा, की त्याच वर्षी लंडनमध्ये मॅक्‌नॉटन नावाच्या आरोपीचा खटला गाजला आणि त्यातून वेडसर आरोपीबाबतचा नियम आखला गेला : आपण काय करतो आहोत हे त्याला कळत होते का, आणि कळत असल्यास ते गैर आहे हे कळत होते का? अण्णांच्या काळी आपल्याकडे लागू असलेल्या भारतीय दंड विधानाच्या कलम ८४ मध्येही हाच निकष होता. पोच्या निवेदकाला हा निकष लावून पाहा. ज्याने प्रेत लपवले त्याला ते गैर असल्याचे कळत होते, असे कोणताही सरकारी वकील म्हणेल. आणि जो मेलेल्या माणसाच्या हृदयाचे ठोके ऐकतो त्याला काय कळत असणार, असे बचावाचा वकील म्हणेल. दोघेही बरोबर आहेत, म्हणूनच ती कथा अजून जिवंत आहे.

यावरून एक छोटी सूचना. अण्णा ही हकीकत कुठे बसून सांगत आहेत, हे तुम्ही लिहिलेले नाही. ती येरवड्याहून लिहिलेली असू द्या, आणि वरच्या कोपऱ्यात 'येरवडा, पुणे ६' याखेरीज एक अक्षरही घालू नका. तुरुंग तिथेच आहे आणि मनोरुग्णालयही तिथेच आहे. पुण्यात एखाद्याला येरवड्याला नेले म्हटल्यावर पुढचा प्रश्न विचारावाच लागतो, आणि तो विचारायची सोय तुमच्या वाचकाला नसेल. तुमच्या मंडळींना जे एकदाचे सांगून हवे होते, ते त्या एका शब्दात सांगितलेही जाते आणि राहूनही जाते.

'मी वेडा नाही' हे तुमचे पहिले वाक्य मात्र बदला. ते पोचे आहे, आणि नंतर इतक्या जणांनी वापरले आहे, की ते वाचताक्षणी वाचक समजायचे ते समजून जातो. अण्णा पोस्टातले आहेत. त्यांची सारी हयात अर्ज, पोचपावत्या आणि तारखांचे शिक्के यांत गेली. अशा माणसाला काही सिद्ध करायचे असेल, तर तो किंचाळणार नाही. तो अर्ज करील. 'विषय : माजघरातील फरशीखालून येणाऱ्या आवाजाबाबत.' खाली 'महोदय', त्याखाली क्रमवार हकीकत आणि शेवटी 'आपला विश्वासू'. या सांगाड्यात तुमचा नीटनेटकेपणा दोष उरत नाही, उलट तोच अंगावर येऊ लागतो. गोगोलने १८३५ मधल्या आपल्या वेड्याच्या रोजनिशीत तारखाच बिघडवल्या होत्या. तिच्यात एक नोंद एप्रिलच्या ४३ तारखेची आहे. विनोदी लेखकाला ते शोभते. अण्णांच्या अर्जात मात्र तारखा चोख असाव्यात, आणि साऱ्या कथेत एकच, फक्त एकच गोष्ट अशी असावी जी घडणे शक्यच नव्हते.

ती गोष्ट तुमच्याच कथेत आहे, फक्त तुमच्या ती लक्षात आलेली दिसत नाही. तिसऱ्या पानावर अण्णा म्हणतात, की पानशेतच्या पुरात आत्याचा नारायण पेठेतला वाडा पडला आणि 'त्याच दिवशी दुपारी' त्यांनी डेक्कनवर सापडलेल्या आत्याला टांग्यात बसवून लकडी पुलावरून आपल्या घरी आणले. १२ जुलै १९६१ रोजी दुपारी लकडी पूल पाण्याखाली होता. हे तुमच्या हातून अनवधानाने झाले असेल, तर कृपा करून दुरुस्त करू नका. ज्यांनी तो पूर पाहिला किंवा घरात वडीलधाऱ्यांकडून ऐकला, असा प्रत्येक पुणेकर त्या ओळीवर थबकेल, आणि मग अण्णांनी आत्याला आणले कसे, केव्हा, मुळात आणले का, असे प्रश्न त्याला पडतील. मघाशी गाडीची वेळ विचारायला जो दुसरा माणूस हवा होता, तो हा : अख्ख्या गावाला तोंडपाठ असलेला एक दिवस. शनिवारवाड्यातली 'काका मला वाचवा' ही हाक मात्र सातव्या पानावरून काढा. ती गावाला इतकी पाठ आहे, की आता तिने कोणी दचकत नाही.

भाषेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे मराठी तुमच्या बाजूने आहे आणि तुम्ही तिचा पुरेसा उपयोग केलेला नाही. तुम्ही पहिल्यापासून 'मी श्वास ऐकला' असे लिहिता. आपल्याकडे 'मी ऐकले' आणि 'मला ऐकू आले' यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ऐकू येते ते आपोआप, आपला त्यात हात नसतो. ऐकणे हे आपण करतो. अण्णांची सुरुवात 'मला ऐकू आले' अशी होऊ द्या, मध्यावर ती 'मी ऐकले' होऊ द्या आणि शेवटाकडे 'मी रात्रभर ऐकत बसलो' इथवर येऊ द्या. वाचकाला हा बदल बोट ठेवून दाखवता येणार नाही, पण तो जाणवेल. असेच 'राहून गेले' या प्रयोगाचे. 'त्या दिवशी आत्याचे दूध द्यायचे राहून गेले' या वाक्यात दूध आहे, आत्या आहे, दिवस आहे. फक्त दूध न देणारा माणूस नाही. अपराधी माणसाला आपल्या भाषेने याहून सोयीची जागा दिलेली नाही. अण्णांना ती तीन वेळा वापरू द्या, चौथ्यांदा नको.

मग 'आम्ही' आणि 'आपण'. इंग्रजीला इथे एकच सर्वनाम आहे, आपल्याला दोन आहेत. अण्णा एकटे राहत असताना 'आम्ही रात्री दार लावून घेतो' असे लिहितात, ते उत्तमच आहे. पण अर्जाच्या शेवटच्या परिच्छेदात हे 'आम्ही' सरकून 'आपण' झाले, 'आपण फरशी उचलली तेव्हा' असे एकदाच आले, तर अर्ज वाचणारा अधिकारी आणि त्याच्या खांद्यावरून वाचणारे आपण, सारेच त्या माजघरात जाऊन उभे राहतो. आणखी एक खेळ करता येईल. इंग्रजीतला निवेदक पुरुष आहे की स्त्री, हे क्रियापदावरून कळत नाही. मराठीत 'मी उठलो' म्हणताक्षणी ते उघड होते. अकराव्या पानावर एकाच ठिकाणी अण्णांनी 'मी उठले' असे लिहावे आणि पुढच्या ओळीत पुन्हा 'मी बसलो' असे मुकाट चालू ठेवावे. मुद्रितशोधकाला मात्र आधी सांगून ठेवा, नाहीतर तो सज्जन गृहस्थ ती चूक प्रामाणिकपणे दुरुस्त करील. मी संपादक असताना आमच्याकडून एका लेखकाची अशीच एक मुद्दाम केलेली चूक दुरुस्त झाली होती, आणि त्याने पुढे चार वर्षे आम्हाला कथा दिली नाही.

आवाजाचे कारण तुम्ही उंदीर असे सुचवले आहे. उंदीर कुठेही असतात. तुमचा वाडा सदाशिव पेठेत आहे, आणि त्या पेठांच्या पोटातून पेशव्यांच्या काळचा कात्रजचा नळ गेलेला आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, कात्रजच्या तलावाचे पाणी भुयारी नळाने शहरातल्या हौदांत आणले गेले, आणि त्या नळाच्या वाटेवर जागोजाग जी उभी तोंडे ठेवली त्यांना उच्छ्वास म्हणतात. इतका नेमका शब्द गावाने तुमच्यासाठी अडीचशेहून अधिक वर्षे जपून ठेवला आहे. अण्णांनी अर्जात लिहावे, की फरशीखाली नळाचा उच्छ्वास असल्याचे महानगरपालिकेच्या माणसाने त्यांना सांगितले, आणि ते त्यांना पूर्णपणे मान्य आहे, फक्त त्या उच्छ्वासाला अधूनमधून खोकला येतो.

मोपासाँच्या रोजनिशीतला माणूस आणखी एक गोष्ट करतो, तो प्रयोग करतो. रात्री उशाच्या सुरईतले पाणी कोण पिते हे पाहण्यासाठी तो सुरया पांढऱ्या कापडात गुंडाळतो, स्वतःच्या ओठांना, दाढीला आणि हातांना शिसपेन्सिलीची पूड चोळतो आणि झोपी जातो. सकाळी पाणी संपलेले असते आणि कापडावर डाग नसतो. असा प्रयोग करायला अण्णांना शिसपेन्सिलीची गरज नाही. माणूस गेलेल्या जागी पीठ पसरून, दिवा लावून, वर टोपली झाकायची आणि दुसऱ्या दिवशी कोणती पावले उमटली ते पाहायचे, ही रीत आपल्या किती तरी घरांत आहे. अण्णा ती एकदा नव्हे, रोज रात्री करतात आणि रोज सकाळी निकाल तारीखवार नोंदवतात, असे दाखवा. दहाव्या दिवसाचा प्रसंग तुम्ही चार ओळींत उरकला आहे, तोही थोडा वाढवा. ओंकारेश्वरावर कावळा लगेच शिवला, असे अण्णा लिहितात. ठीक आहे, पण पुढे एखाद्या पानावर, दुसऱ्याच कशाबद्दल तक्रार करताना, 'त्या दिवशी उन्हात तीन तास उभे राहिल्याने मला पित्त झाले' एवढे त्यांच्या तोंडून निसटू द्या.

आता आईंच्या प्रश्नाविषयी. लेखकमंडळींच्या शंकांपेक्षा मला तो महत्त्वाचा वाटतो, आणि त्यांची हरकत बऱ्याच अंशी योग्य आहे. नवव्या पानावर अण्णा आरशात स्वतःचे तांबारलेले डोळे आणि पिंजारलेले केस पाहून खदाखदा हसतात. हे अण्णा नव्हेत, हे नाटकातले वेडे आहेत, आणि ज्या घरात खरा आजार येऊन गेला त्या घराला ते लागणारच. तो परिच्छेद काढा. मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसे कोणाचा गळा दाबत नाहीत. त्यांना औषधाच्या वेळा सांभाळायच्या असतात आणि लोकांच्या नजरा चुकवायच्या असतात. हे आईंना तुमच्या-माझ्याहून चांगले माहीत आहे.

पण वेडाच्या कथा लिहूच नयेत, असे यातून निघत नाही. शार्लट पर्किन्स गिलमन या लेखिकेने 'द यलो वॉलपेपर' ही कथा स्वतःच्या आजारपणानंतर लिहिली; ती १८९२ मध्ये प्रसिद्ध झाली. डॉक्टरांनी तिला सांगितले होते, की बौद्धिक काम दिवसाला दोन तासांहून अधिक नको आणि लेखणीला तर जन्मात हात लावायचा नाही. तिच्या कथेतली बाईही चोरून लिहिते, नवरा स्वतः डॉक्टर असतो, तो प्रेमाने तिची समजूत घालतो आणि तिचे एक अक्षर ऐकून घेत नाही. बाई भिंतीवरच्या कागदात कोंडलेली दुसरी बाई पाहते, तेव्हा तिचा तोल गेला आहे हे आपल्याला कळते. आणि तरीही त्या घरात न ऐकणारा कोण आहे, याबद्दल आपल्या मनात संशय राहत नाही. गिलमनने १९१३ मध्ये ती कथा का लिहिली हे सांगताना म्हटले, की तिला कोणाला वेडे करायचे नव्हते, वेडे होण्यापासून वाचवायचे होते.

म्हणून अण्णांचा आजार कोणता, हे तुम्हाला ठाऊक नसले तरी चालेल. आत्या गेली त्या आठवड्यात त्या घरात काय घडले, हे मात्र तुम्हाला तासागणिक ठाऊक हवे, मग त्यातले कथेत काहीही येवो. मला वाटते, ते तुम्हाला ठाऊक आहे. चौथ्या पानावर, महिन्याचा खर्च सांगता सांगता अण्णा लिहितात, 'शेवटी शेवटी आत्या फार हाका मारी.' त्या हाकांचे पुढे काय झाले, हे ते कुठेही सांगत नाहीत. ज्याने तेव्हा ऐकले नाही त्याला आता ऐकणे थांबवता येत नाही, ही तुमची कथा आहे आणि तिला भुताचीही गरज नाही, अहवालाचीही नाही. हे पान आईंना वाचून दाखवा. मामाची थट्टा त्यात त्यांना सापडणार नाही, असे मला वाटते.

ते वाक्य मात्र ठळक करू नका, शेवटी पुन्हा आणू नका. दुधाच्या बिलाच्या आणि रॉकेलच्या हिशेबाच्या मधोमध ते जिथे आहे, तिथेच राहू द्या.